मधुमेह, मेंदू आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या

सांजवारा
नमस्कार मंडळी. बाबांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. मेटफॉर्मिन सुरुवातीपासून चालू आहे आणि साखर बऱ्यापैकी आटोक्यात असते. अलीकडे मात्र विसरणं वाढलंय. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, बोलता बोलता शब्द सापडत नाही म्हणून थांबतात. हिशेबाला बसले की थोड्याच वेळात कागद बाजूला सारतात. एके काळी हिशेबात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

नात्यातल्या एकांनी 'मेंदूच्या संरक्षणासाठी' म्हणून जीवनसत्त्वांच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली आहे. त्यात बी गट, ई, डी, फॉलिक ॲसिड, बायोटिन असं सगळं आहे आणि बहुतेकांचं प्रमाण रोजच्या गरजेच्या कित्येक पट आहे. भाऊ म्हणतो, जीवनसत्त्वंच तर आहेत, फायदा नाही झाला तरी तोटा काय होणार? मला हे पटत नाही, पण त्याला काय सांगावं तेही सुचत नाही.

मधुमेहामुळे मेंदूला नेमकं काय होतं? जीवनसत्त्वांनी ते रोखता येतं का? डॉक्टरांकडे जाण्याआधी मला नीट समजून घ्यायचं आहे.

पाऊलवाट
बी१२ तपासलंय का? ते कमी पडलं तरी विसरणं वाढू शकतं. नसेल तपासलं तर आधी ते करा. बाटलीचं नंतर बघू.

औषधपेटी
पाऊलवाट यांना अनुमोदन. मी औषधांच्या दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूला उभी असते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणारे आणि बी१२ कधीच न तपासलेले लोक मला नेहमी भेटतात.

कारण असं. अन्नातलं बी१२ लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि त्या शोषणाला कॅल्शियम लागतं. मेटफॉर्मिन नेमका तिथेच अडथळा आणतं. यकृतात बी१२ चा काही वर्षं पुरेल एवढा साठा असतो, त्यामुळे सुरुवातीला काहीच जाणवत नाही आणि साठा हळूहळू उतरत जातो. डोस जितका मोठा आणि वर्षं जितकी जास्त, तितकी शक्यता वाढते. त्यात पित्तासाठीच्या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या रोज चालू असतील किंवा माणूस शाकाहारी असेल, तर आणखी भर. २०२२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामकांनी बी१२ ची कमतरता हा मेटफॉर्मिनचा नेहमी आढळणारा दुष्परिणाम असल्याचं स्पष्ट केलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी१२ अधूनमधून तपासावं असंच सांगते.

हे वाचून कोणीही मेटफॉर्मिन बंद करू नका. औषध चांगलं आहे. त्याच्यासोबत ही एक तपासणी हवी, इतकंच.

स्टेथो
सांजवारा, तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण तो समजला की बाटलीचं उत्तर आपोआप मिळेल.

मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली साधारण २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो. ही ऊर्जा त्याला बहुतांशी ग्लुकोजमधून मिळते आणि ते ग्लुकोज अतिशय बारीक रक्तवाहिन्यांतून पोचतं. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की तीन-चार गोष्टी एकाच वेळी घडतात. या बारीक वाहिन्यांचं अस्तर खराब होतं. डोळ्याच्या पडद्यावर आणि किडनीत जे होतं तेच मेंदूतही होतं, फक्त तिथे ते आपल्याला सहज दिसत नाही. साखर प्रथिनांना चिकटून त्यांची कायमची खराबी करते. पेशींवर ऑक्सिडेशनचा ताण येतो. आणि इन्सुलिनला मेंदूच्या पेशीही नीट दाद देईनाशा होतात. शिवाय इन्सुलिनचा निचरा करणारं एक एन्झाइम अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाचाही निचरा करतं. रक्तात इन्सुलिन फार वाढलं तर ते एन्झाइम त्यातच गुंतून पडतं, असा एक विचार संशोधक मांडतात.

याचा एकत्रित परिणाम किती? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासाने १९९९ मध्ये दाखवलं की मधुमेह असणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाची जोखीम जवळजवळ दुप्पट असते. जोखीम दुप्पट म्हणजे प्रत्येकाला होणारच असं मुळीच नाही.

आता या यादीत बघा. वाहिन्यांचं नुकसान, प्रथिनांची खराबी, इन्सुलिनला दाद न देणं. यातली कुठलीही गोष्ट जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे सुरू झालेली नाही, मग जीवनसत्त्व ओतून ती थांबेल कशी? बी१२ ची गोष्ट वेगळी आहे. ती कमतरता हा दुसराच आजार आहे, तो मधुमेहाच्या आड लपून बसतो आणि वेळेत सापडला तर बरा होतो. म्हणूनच तो शोधायचा.

रानजाई
स्टेथो म्हणतात तसा आड लपलेला आजार आमच्या घरी होता. सासूबाईंच्या पायाला मुंग्या यायच्या, तळवे बधिर व्हायचे, अंधारात चालताना तोल जायचा. जिथे दाखवत होतो तिथे प्रत्येक वेळी "साखरेमुळे नसा खराब झाल्यात" एवढंच ऐकायला मिळायचं आणि मुंग्यांच्या गोळ्यांचा डोस वाढायचा. पुढे त्या चिडचिड्या झाल्या, कोणावर विश्वास ठेवेनात, रात्री उठून कपाट लावत बसायच्या. आम्ही वय झालं म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी पायाच्या अंगठ्याला कंप करणारा चिमटा लावून बघितला आणि तिथल्या तिथे बी१२ तपासायला सांगितलं. आकडा फारच खाली होता. इंजेक्शनं सुरू झाली. डोकं आधी ताळ्यावर आलं, चिडचिड गेली, माणसं आणि नावं पुन्हा जुळू लागली. पायांची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही. नसांचं नुकसान फार काळ राहिलं की ते पूर्ण भरून येत नाही, असं त्या म्हणाल्या. हे दुःख मला आजही आहे. मुंग्या साखरेमुळेही येतात आणि बी१२ मुळेही. दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात, म्हणून एक सापडलं की दुसरं शोधणं थांबवू नका.

तर्कवाडा
सगळे बी१२ वर थांबलेत, पण जीवनसत्त्वांनी मेंदू वाचत नाही हे इतक्या ठामपणे म्हणता येणार नाही. ऑक्सफर्डमध्ये व्हिटाकॉग नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २०१० मध्ये आले. सत्तरी ओलांडलेल्या आणि सौम्य विसरभोळेपणा असलेल्या लोकांना २ वर्षं फॉलिक ॲसिड, बी६ आणि बी१२ मोठ्या प्रमाणात दिलं. एमआरआयवर मोजलं तेव्हा मेंदू आक्रसण्याचा वेग गोळ्या घेणाऱ्यांत वर्षाला ०.७६ टक्के, तर नुसत्या दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळ्या घेणाऱ्यांत १.०८ टक्के निघाला. ज्यांचं होमोसिस्टीन (बी गट कमी पडला की रक्तात वाढणारा घटक) १३ च्या वर होतं त्यांच्यात तर हा वेग निम्म्याहूनही कमी झाला. हे लहान यश नाही.

आणि २०२२ मध्ये कॉसमॉस अभ्यासात २ हजारांहून जास्त ज्येष्ठांमध्ये साध्या मल्टिव्हिटॅमिनने ३ वर्षांत स्मरणशक्तीच्या चाचण्यांत सुधारणा दिसली. मग सांजवारांच्या भावाचं काय चुकलं?

खडूफळा
तर्कवाडा, व्हिटाकॉग मीही वाचलंय आणि त्याची मला कदर आहे. पण ती चाचणी मधुमेहींवर नव्हती, आणि फायदा झाला तो मुख्यतः होमोसिस्टीन वाढलेल्यांना. म्हणजे ज्यांना बी गट कमी पडत होता त्यांना. गोष्ट पुन्हा कमतरतेवरच येते.

खास मधुमेहींवर झालेली चाचणी हवी असेल तर कॅनडातली डिव्हाइन बघा, तीही २०१० चीच. मधुमेहामुळे किडनीला इजा झालेले २३८ लोक. त्यांना रोज २.५ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, २५ मिलिग्रॅम बी६ आणि १ मिलिग्रॅम बी१२ दिलं. होमोसिस्टीन खाली आलं, अगदी अपेक्षेप्रमाणे. पण किडनीचं काम गोळ्या घेणाऱ्यांत जास्त वेगाने घसरलं, आणि हृदयविकार, पक्षाघात वगैरे रक्तवाहिन्यांच्या घटना जवळपास दुप्पट झाल्या.

होमोसिस्टीनचा आकडा सुधारला, माणसाची तब्येत बिघडली! "तोटा काय होणार" याचं माझ्यासाठी हेच उत्तर आहे. ही चाचणी लहान होती आणि किडनी आधीच दुखावलेल्यांवर होती, हे मान्य. पण जुन्या मधुमेहींपैकी किती जणांना आपल्या किडनीची अवस्था माहीत असते? सांजवारा, बाबांचं क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (दोन्ही किडनीच्या तपासण्या) बघितल्याशिवाय ती बाटली उघडू नका.

स्टेथो
खडूफळा, डिव्हाइनची आठवण दिलीत हे फार चांगलं केलंत. एक भर घालतो. बी६ मोठ्या डोसमध्ये दीर्घकाळ घेतलं तर त्यानेच नसा खराब होतात आणि हातापायाला मुंग्या येतात. मुंग्या येतात म्हणून लोक बी गटाची गोळी वाढवतात, त्यातल्या बी६ मुळे मुंग्या आणखी वाढतात, आणि दोष पुन्हा साखरेला जातो.

दुसरं म्हणजे फॉलिक ॲसिड. बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्तक्षय सुधारतो, हिमोग्लोबिन छान दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. त्यामुळे आधी बी१२ बघायचं, मग फॉलिक ॲसिड. हा क्रम मोडू नये.

तर्कवाडा
डिव्हाइन माझ्या वाचनात नव्हती. किडनीच्या बाबतीत तुमचं म्हणणं मान्य. पण ज्यांची किडनी ठणठणीत आहे त्यांना साधं, रोजच्या गरजेइतकंच मल्टिव्हिटॅमिन द्यायला हरकत नसावी, यावर मी ठाम आहे.

खडूफळा
रोजच्या गरजेइतकं असेल तर माझीही हरकत नाही. वाद आहे तो 'कित्येक पट'चा.

कुतूहल
थोडं अवांतर करू का? बी१२ आणि मधुमेहाचं नातं फार जुनं आहे आणि मला ते विलक्षण वाटतं.

जॉर्ज मिनो नावाच्या अमेरिकन डॉक्टरांना १९२१ मध्ये मधुमेह झाला. त्या काळी तो आजार म्हणजे उपासमारीचा आहार आणि हळूहळू मरण. त्याच वर्षी टोरोंटोमध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि १९२३ पासून मिनोंना ते मिळू लागलं, म्हणून ते जगले. पुढे १९२६ मध्ये त्यांनी आणि विल्यम मर्फी यांनी दाखवून दिलं की पर्निशस ॲनिमिया हा तेव्हाचा जीवघेणा रक्तक्षय भरपूर यकृत खायला दिल्याने बरा होतो. १९३४ मध्ये जॉर्ज व्हिपल यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. यकृतात असं काय आहे याचा शोध चालूच राहिला आणि १९४८ मध्ये ते लाल स्फटिक हाती आले. तेच बी१२.

आणि बी१२ च्या रेणूची रचना १९५६ मध्ये उलगडली ती डोरोथी हॉजकिन यांनी. पुढे १९६९ मध्ये इन्सुलिनची रचनाही त्यांनीच उलगडली.

पाऊलवाट
म्हणजे साखरेच्या औषधाने वाचलेल्या माणसाने बी१२ ची वाट दाखवली आणि आता साखरेचंच दुसरं औषध ते बी१२ पळवतंय! कुतूहल, हे अवांतर रोज करा.

दवबिंदू
फार छान माहिती. माझा प्रश्न बाकीच्या जीवनसत्त्वांबद्दल. डी आणि ई चं काय? आमच्या ओळखीत सगळे डी घेतात. आणि बी१ चा कुठलासा प्रकार मधुमेहींना देतात असं ऐकलं होतं.

स्टेथो
बी१ पासून सांगतो, कारण मधुमेहाच्या दृष्टीने बाकीच्यांपेक्षा त्यात मला जास्त रस आहे. पेशीने ग्लुकोज वापरायचं तर थायमिन म्हणजे बी१ लागतंच. २००७ मधल्या एका अभ्यासात मधुमेहींच्या रक्तद्रवात ते निरोगी लोकांच्या मानाने सुमारे ७५ टक्के कमी आढळलं, कारण ते लघवीवाटे जास्त निघून जातं. तुम्ही ऐकलेला प्रकार बेनफोटियामिन असणार, म्हणजे चरबीत विरघळणारं रूप. २००३ मध्ये मधुमेही उंदरांवर केलेल्या प्रयोगात त्याने जास्त साखरेमुळे होणाऱ्या नुकसानीच्या तीन वाटा एकदम अडवल्या आणि डोळ्याचा पडदा वाचवला. अल्झायमरच्या सुरुवातीच्या रुग्णांवरचा एक छोटा प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तोही आशादायक होता. पण उंदीर आणि छोटे प्रयोग यांच्या भरवशावर मी रुग्णाला "मेंदू वाचेल" असं सांगणार नाही. याचा पाठपुरावा मात्र व्हावा असं मला मनापासून वाटतं.

डी ची मोठी चाचणी २०१९ ची. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २,४२३ लोकांना रोज ४,००० युनिट किंवा दिखाऊ गोळी दिली. मधुमेह टळण्यात खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. कमी असेल तर हाडांसाठी जरूर भरून काढा. पण स्वतःच्या मनाने अति घेतलं तर रक्तात कॅल्शियम वाढून उलट गोंधळल्यासारखं होतं. वयस्कर माणसात ते विसरभोळेपणासारखंच दिसतं.

ई मोठ्या डोसमध्ये रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेतलं तर रक्तस्रावाची भीती असते. २०१४ मध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्यांना रोज २,००० युनिट दिल्यावर रोजची कामं करण्याची क्षमता थोडी सावकाश घसरली, पण स्मरणशक्तीत फरक पडला नाही. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. निरोगी मेंदूचं रक्षण म्हणून ते घ्यायला मी सांगत नाही.

औषधपेटी
सांजवारांच्या बाटलीत बायोटिन आहे, ते वाचून लिहायला आले. जास्त डोसचं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडे चुकवतं, विशेषतः थायरॉइड आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिन. अमेरिकेच्या औषध नियामकांनी, म्हणजे एफडीएने, २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. विसरणं वाढलं की थायरॉइड तपासतातच, म्हणून लॅबमध्ये हे आधी सांगायला हवं. क जीवनसत्त्वाचंही तसंच. दंडावर लावायच्या काही सेन्सरमध्ये दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क घेतलं तर साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसते. तो आकडा बघून कोणी इन्सुलिन वाढवलं तर?

आणखी एक. बी१२ किंवा लोह कमी असल्यामुळे रक्तक्षय असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) खोटं वाढलेलं दिसू शकतं, कारण लाल पेशी जास्त काळ रक्तात राहतात. उपचार सुरू झाले की नव्या पेशी येतात आणि तोच आकडा काही काळ खोटा खाली दिसतो. अशा वेळी बोटाच्या टोकाच्या रीडिंगवर जास्त भर द्या.

रानजाई
औषधपेटी, "तर?" याचं उत्तर आम्ही शेजारी पाहिलंय. साखर एकदम खाली गेली, आजोबा घामाने भिजलेले आणि काहीच्या काही बोलत होते. वेळेत लक्षात आलं म्हणून बरं.

स्टेथो
रानजाई, तुम्ही मला या धाग्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं तिथे आणलंत. वाढलेल्या साखरेबद्दल आपण सगळे बोलतो, उतरलेल्या साखरेबद्दल फार थोडे. मेंदूकडे ग्लुकोजचा म्हणावा तसा साठा नसतो. २००९ मध्ये १६,६६७ मधुमेहींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना साखर उतरून रुग्णालयात जावं लागलं होतं त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंश जास्त आढळला. एकदा असं झालेल्यांत जोखीम २६ टक्के जास्त, दोनदा झालेल्यांत ८० टक्के जास्त. साखर उतरल्यामुळेच स्मृतिभ्रंश झाला, असं अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. सुरुवातीच्या विसरण्यामुळे औषध चुकून साखर उतरली, असंही असू शकतं. पण दोन्ही वाटांनी काळजी तीच घ्यायची आहे.

म्हणून ज्येष्ठांमध्ये एचबीए१सी ओढून-ताणून खाली आणण्याचा हट्ट मी धरत नाही. अकॉर्ड-माइंड अभ्यासाने २०११ मध्ये दाखवलं की साखर फार कडक ठेवलेल्यांचा मेंदू थोडा कमी आक्रसला, पण विचारशक्ती आणि स्मरणशक्तीत फायदा दिसला नाही. मूळ अकॉर्ड चाचणीतला कडक साखरेचा भाग तर २००८ मध्येच थांबवावा लागला होता, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले.

दवबिंदू
मग मेंदूसाठी करायचं तरी काय? सगळ्यालाच नको म्हणताय.

स्टेथो
नको म्हणत नाही, दवबिंदू. रक्तदाब आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आटोक्यात ठेवणं, तंबाखू सोडणं, रोज चालणं, पुरेशी झोप. आणि ऐकू येणं! लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं आहेत. त्यात मधुमेह आहे तसं कमी ऐकू येणं आणि कमी दिसणंही आहे. श्रवणयंत्र लावायला लाजणारा माणूस जीवनसत्त्वाची गोळी मात्र आनंदाने घेतो, याचं मला फार वाईट वाटतं. नैराश्यही तपासायला हवं. ते ज्येष्ठांमध्ये विसरण्याचं रूप घेऊन येतं आणि बरं होतं.

सांजवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला डिव्हाइनबद्दलचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो गप्प झाला आणि मग स्वतःच बाबांची जुनी फाइल काढून बसला. बी१२ कधीच तपासलेलं नाही. क्रिएटिनिन सामान्य आहे, अल्ब्युमिनची तपासणी बरीच जुनी आहे. टीव्हीचा आवाज ते हल्ली फार मोठा ठेवतात हेही स्टेथोंचा प्रतिसाद वाचताना एकदम लक्षात आलं. उद्या रक्त द्यायला जातोय. बाटली तशीच बंद आहे.

विचारायचं होतं, बी१२ चा आकडा कितीपर्यंत ठीक मानायचा?

स्टेथो
साधारणपणे २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. तिथे बी१२ कमी पडलं की वाढणारं मिथिलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन बघून ठरवतात, पण किडनी कमजोर असली तर हे दोन्ही तसेच वाढतात, हे लक्षात असू द्या. लॅबनुसार हद्दी थोड्या बदलतात. आणि लक्षणं असतील तर नुसत्या आकड्यावर विसंबून राहू नका. बाबांना मुंग्या येतात का, तोल जातो का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाऊलवाट
कमी निघालं तर इंजेक्शनच घ्यावं लागतं का? मेटफॉर्मिन शोषण अडवतं म्हणजे गोळी वायाच जाणार ना?

औषधपेटी
नाही जात. रोजची गरज फक्त २.४ मायक्रोग्रॅमची. १,००० मायक्रोग्रॅमची गोळी घेतली की त्यातलं सुमारे १ टक्का, म्हणजे १० मायक्रोग्रॅम, त्या अडलेल्या वाटेशिवायही आतड्यातून आपोआप आत जातं. गरजेच्या चौपट झालं. जिभेखाली ठेवा किंवा गिळा, परिणाम सारखाच. पण नसांची किंवा मेंदूची लक्षणं असतील तर डॉक्टर बहुधा इंजेक्शनांनीच सुरुवात करतात, कारण तिथे वेळ दवडायचा नसतो. आणि सांजवारा, शक्यतो उद्या रक्त देऊन होईपर्यंत बी१२ ची कुठलीही गोळी देऊ नका, नाहीतर आकडा वर दिसेल आणि मूळ कमतरता कळणार नाही.